अठ्ठ्याण्णव टक्के मुंग्यांचं

राजगिऱ्याचे दोन दाणे तळहातावर घेऊन पाहा. वजन कळणार नाही. दोन्ही मिळून जेमतेम दीड-दोन मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याकडून एक ग्रॅम वदवून घ्यायचा तर असे हजारभर दाणे ओतावे लागतील.

आल्प्स आणि पिरेनीजच्या उतारांवर भर उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी एवढ्याच वजनाची एक अळी निळ्या फुलांच्या झाडावरून स्वतःला खाली सोडून देते. अंड्यातून निघून तिला दोन-तीन आठवडे झालेले असतात. तेवढ्यात तिने फुलाच्या पोटात बसून कच्चं बी खाल्लेलं असतं, तीनदा कात टाकलेली असते, आणि आता झाडाशी असलेला तिचा संबंध कायमचा तुटलेला असतो. जमिनीवर पडल्यावर ती चालत नाही, लपत नाही, खायला शोधत नाही. नुसती पडून राहते. तिला हवी असते एक मुंगी.

छाती दडपवणाऱ्या आकड्यांची आपल्याला सवय आहे. कोटी तारे, अब्ज वर्षं, लाख कोटींचं अंदाजपत्रक. या फुलपाखराच्या गोष्टीत कोटीबिटी काही नाही. मिलिग्रॅम, मीटर, दिवस आणि टक्के, बस. सगळी मापं शाळेच्या कंपासपेटीतली. तरी यातला एक आकडा वाचला आणि मी पुस्तक मिटून गप्प बसलो होतो. तो आकडा आहे ९८. हे फुलपाखरू पूर्ण वाढतं तेव्हा त्याच्या वजनातला ९८ टक्क्यांहून जास्त भाग मुंग्यांच्या घरात, मुंग्यांच्या खर्चाने कमावलेला असतो. स्वतःच्या कष्टाचे फक्त दोन टक्के.

इंग्रजीत याला ‘माउंटन आल्कन ब्लू’ म्हणतात. आपण डोंगरी आल्कन म्हणू. पंख पसरले तर साडेतीन-चार सेंटिमीटर, म्हणजे काडेपेटीच्या रुंदीएवढं. नर निळा, मादी काळपट तपकिरी. दिसायला छान आहे, पण आल्प्समध्ये याच्याहून देखणी फुलपाखरं पुष्कळ. रूपावर कोणी फिदा व्हावं असं हे प्रकरण नाही. याची ख्याती आहे ती याच्या बिऱ्हाडामुळे.

१९०४ साली हिर्श्के या अभ्यासकाने ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात, होखश्वाब नावाच्या चुनखडीच्या डोंगरावरून त्याचं वर्णन केलं आणि व्हिएन्नाच्या संग्रहालयातले फुलपाखरांचे जाणकार हान्स रेबेल यांच्यावरून त्याला ‘रेबेली’ हे नाव दिलं. पुढे शास्त्रज्ञ या नावाखाली जी फुलपाखरं अभ्यासत राहिले ती ‘क्रुसिआटा’ जातीच्या जेन्शियनवर, म्हणजे सुरुवातीच्या त्या निळ्या फुलांच्या झाडावर, वाढणारी. आणि मग २०१४ साली होखश्वाब परिसरातल्या मूळ रेबेलीचा शोधलेला ठावठिकाणा प्रसिद्ध झाला तेव्हा काय निघालं? तिचं झाड वेगळं, तिची मुंगीही वेगळी! म्हणजे शंभर वर्षं पाटी एकाची आणि घरात राहणारा दुसराच. क्रुसिआटावरचं हे फुलपाखरू स्वतंत्र जात की सपाटीवरच्या ‘आल्कन’ नावाच्या फुलपाखराचाच डोंगरी भाऊबंद, हा वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञांनी घालावा. इथले आकडे मुख्यतः या क्रुसिआटावाल्यांचे आहेत.

जेन्शियन हे नाव आपल्याकडे ओळखीचं नसलं तरी त्याचं गोत्र आपल्या तोंडाला चांगलं माहीत आहे. तापात आजी जे काडेकिराईत उकळून पाजायची, ते याच कुळातलं. सगळं कुळच कडू. फुलपाखराची मादी या झाडावर पांढरी, टाचणीच्या डोक्याहूनही लहान अंडी चिकटवते. अंडी उघड्यावर, सहज दिसणारी. अळी मात्र बाहेर तोंडही दाखवत नाही. अंड्याच्या तळातून भोक पाडून ती सरळ झाडात शिरते. रिकामी टरफलं पानावर तशीच राहतात.

त्यामुळे अंडी मोजणं सोपं आहे. पण अंड्यांवरून फुलपाखरांचा हिशेब मांडणं म्हणजे बाजारात तुरी. समजा, एका मादीने शंभर अंडी घातली. फुलपाखरांची संख्या वर्षानुवर्षं जेवढ्यास तेवढी राहायची असेल, तर या शंभरातून पंख फुटून जोडी जमवेपर्यंत टिकणार सरासरी दोन. उरलेली अठ्ठ्याण्णव वाटेत कुठे ना कुठे संपणार. (इथेही ९८! हा निव्वळ योगायोग; आकड्यांना अशा खोड्या काढायची हौस असते.)

ती संपतात कुठे? पहिला मोठा चाळणा लागतो तो मुंगीच्या पावलांचा.

या अळीला चालते ती ‘मिर्मिका’ वंशातली लाल मुंगी, चार-पाच मिलिमीटर लांबीची. घर जमिनीत किंवा दगडाखाली, आणि फेरफटका घरापासून साधारण दोन मीटरपर्यंत. दोन मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा: साडेबारा चौरस मीटर. आपल्या भाषेत अकरा बाय बाराची खोली. मुंग्यांच्या एका वसाहतीचं राज्य एवढंच. डोंगराचा उतार मैलोन्‌मैल पसरलेला आहे, त्यावर जेन्शियन कुठेही उगवतं, पण अळीच्या दृष्टीने कामाचे आहेत ते असे खोलीएवढे गोल तुकडे. ज्या झाडावरून ती उडी टाकते ते झाड अशा गोलात असलं तर ठीक. गोलाच्या बाहेर असलं, तर तिच्यासाठी तो डोंगर वाळवंट आहे. दोन मिलिग्रॅमचं शरीर घेऊन ती शोधाशोध करणार तरी किती!

संध्याकाळची वेळही तिने उगाच धरलेली नाही. तेव्हा ऊन उतरलेलं असतं आणि मिर्मिका अन्न शोधायला बाहेर पडलेल्या असतात. कोणी तरी एक येते, मिशांनी चाचपते. आणि इथे घोटाळा होतो. अळीच्या अंगाला मुंगीच्या पिल्लासारखा वास येतो. मुंग्यांच्या अंधाऱ्या जगात ओळख पटते ती कातडीवरच्या मेणचट द्रव्यांच्या वासावरून. तेच आधार कार्ड, तेच रेशन कार्ड. अळीजवळच्या कार्डाची नक्कल अगदी हुबेहूब नसते, पण वाटेत भेटलेल्या मुंगीला फसवण्यापुरती पुरते. ‘अगंबाई, आपलंच लेकरू बाहेर राहिलं,’ असं म्हणत असावी तशी ती अळीला जबड्यात अलगद धरते आणि घरी नेते. घरात राहून अळीच्या अंगाला तिथला वास लागतो आणि कार्ड पक्कं होतं.

पण मुंगीही नेमकी हवी. मिर्मिकाच्या अनेक जाती त्याच उतारावर शेजारी शेजारी नांदतात आणि अळी दिसली की त्यातली कुठलीही उचलते. फ्रेंच आल्प्स आणि पिरेनीजमध्ये आपल्या डोंगरी आल्कनची खरी यजमान आहे मिर्मिका शेंकी; दुसरीकडे दुसरी. भलत्या जातीच्या घरात सुरुवातीला सगळं बरं चालतं. पोटभर अन्न असेपर्यंत पाहुण्याकडे कोणी निरखून बघत नाही. टंचाई आली की वासातला फरक डोळ्यांवर, म्हणजे मिशांवर येतो आणि पाहुण्याचे तुकडे पडतात. हा मनुष्यस्वभाव आहे असं मी म्हणणार होतो.

योग्य घर मिळालं की सुरू होते ती खादाडी. कोकिळेचं पिल्लू कावळीने भरवावं तशी ही अळी मुंग्यांकडून भरवून घेते. दाई-मुंग्या पोटात साठवलेलं पातळ अन्न तोंडाने तिच्या तोंडात सोडतात. अभ्यासक या प्रकाराला ‘कोकिळा पद्धत’ असंच म्हणतात. वजन दीड-दोन मिलिग्रॅमवरून शंभर मिलिग्रॅमच्या आसपास जातं. राजगिऱ्याच्या दोन दाण्यांचा तुरीचा एक दाणा होतो. ऐकायला एवढंसं. पण ही पन्नास पट वाढ आहे. तीन किलोचं बाळ शेजाऱ्यांच्या दारात ठेवावं आणि परत आणायला गेल्यावर ते दीडशे किलोचं निघावं. शिवाय भरवणाऱ्या शेजारणीची उंची त्याच्या एक तृतीयांश.

या कोकिळा पद्धतीतला व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. याचंच एक चुलत भावंड आहे, ‘आरिऑन’ नावाचं मोठं निळं फुलपाखरू. त्याची अळीही मुंग्यांच्या घरात जाते, पण ती सरळ मुंग्यांची पिल्लं खाते. म्हणजे मुंग्यांनी अन्न आणायचं, त्यावर पिल्लं पोसायची, आणि पिल्लांवर अळीने पोसायचं. दर पायरीवर नासाडी. डोंगरी आल्कन ही मधली पायरीच गाळतं आणि पिल्लांसाठी आणलेलं अन्न परस्पर स्वतःच्या तोंडात घेतं. दलाल कटाप! त्यामुळे एकाच आकाराच्या घरात आरिऑनपेक्षा आल्कनची कितीतरी जास्त फुलपाखरं तयार होऊ शकतात. जनुकांच्या अभ्यासावरून असंही दिसतं की या कुटुंबात पिल्लं खाणं आधी आलं आणि भरवून घेण्याची कला नंतर. दरोडेखोरी सोडून घरजावई होण्यात जास्त फायदा आहे, हे उत्क्रांतीलाही उशिरा समजलं म्हणायचं.

आता प्रश्न असा की शेकडो भुकेल्या पिल्लांच्या गर्दीत मुंग्या या एकीचे एवढे लाड का करतात? वास सारखा असेल तर तिला वाटा पिल्लाएवढाच मिळायला हवा. तिला त्याहून बराच जास्त मिळतो. इतका, की अन्नाची फारच ओढ झाली तर मुंग्या स्वतःची पिल्लं मारून तिला भरवतात. घर उसकटलं, पळापळ झाली, तर स्वतःच्या पिल्लांच्या आधी तिला उचलून सुरक्षित जागी नेतात.

याचं उत्तर २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. तुरीन विद्यापीठातल्या फ्रान्चेस्का बार्बेरो आणि ब्रिटनचे जेरेमी थॉमस, कार्स्टन श्योन्रोगे वगैरे मंडळींनी मुंग्यांच्या घरातले आवाज टिपले. मुंगीच्या पोटाच्या सुरुवातीला कानशीसारखी बारीक खाचांची पट्टी असते आणि तिच्यावर घासणारी एक कड. कंगव्यावरून नख फिरवावं तसा आवाज. राणीचा आवाज कामकरी मुंग्यांहून वेगळा निघतो, हे या ध्वनिमुद्रणांतून दिसलं. आणि त्यांनी आल्कनची अळी आणि कोष यांचे आवाज टिपले, तेव्हा ते जुळले राणीशी! पिल्लाशी नाही, कामकरणीशीही नाही. ज्या अळीकडे मुंगीची कानस-पट्टी नावालासुद्धा नाही, ती राणीच्या सुरात बोलते. छोट्या स्पीकरवरून हे आवाज ऐकवले तर कामकरी मुंग्या राणीभोवती उभ्या राहाव्यात तशा पहाऱ्याच्या पवित्र्यात उभ्या राहिल्या. आणि कोषाशेजारी खरी राणी ठेवली तर तिने त्याला सवत समजून चावे घेतले, तेव्हा मध्ये पडल्या त्या तिच्याच कामकरणी.

म्हणजे वास लेकराचा आणि हुकूम राणीचा. यातलं एक जरी साधलं तरी पोट भरावं; या अळीने दोन्ही साधलं आहे, आणि तेही माझ्या काट्याला कळणार नाही एवढ्या वजनात.

पुढचा आकडा दिवसांचा आहे. थॉमस आणि ग्रॅहम एल्म्स यांच्या गटाने १९९८ साली दाखवून दिलं की एकाच मोसमात एकाच घरात शिरलेल्या अळ्यांचे दोन तट पडतात. काही दहा-अकरा महिन्यांत वाढून पुढच्याच उन्हाळ्यात फुलपाखरू होतात. बाकीच्या तसं करत नाहीत. त्या एक हिवाळा काढतात, उन्हाळा येतो, सोबतची भावंडं पंख पसरून निघून जातात, आणि या तिथेच बसून राहतात. दुसरा हिवाळा येतो, वर बर्फ पडतं, आणि मग त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या बाहेर येतात. अंधारातला मुक्काम बावीस-तेवीस महिन्यांचा. मुंग्यांच्या पिल्लांतही असेच दोन प्रकार असतात, काही त्याच उन्हाळ्यात मोठी होणारी, काही हिवाळा काढून होणारी, आणि अळीने बहुधा त्याच वेळापत्रकाचा फायदा उठवला आहे. शिवाय एखादं वर्ष पूर्ण बुडालं, पावसाने किंवा थंडीने सगळी फुलपाखरं गेली, तरी पुढच्या वर्षीचा माल जमिनीखालच्या कोठारात तयार. शेतकरी बियाणं राखून ठेवतो तसं.

आता या दोन वर्षांवाल्या फुलपाखराच्या आयुष्याची वाटणी मांडू. एकूण दिवस साधारण ७३०. त्यातले अंड्यात आणि फुलात मिळून महिनाभर. मुंग्यांच्या घरात ७०० च्या आगेमागे. आणि उडण्याचे? सरासरी जेमतेम तीन-चार. हेच प्रमाण ७५ वर्षं जगणाऱ्या माणसाला लावलं तर तो ७४ वर्षं सात महिने सज्ञान होण्यात घालवील, त्यातली बहुतेक मिट्ट काळोखात दुसऱ्याच्या घरी खात बसून, आणि मग पाच महिने मोकळ्या हवेत हिंडून, लग्न करून, मुलं जन्माला घालून मरेल. आपण ज्याला फुलपाखराचं आयुष्य म्हणतो, ज्याचे फोटो काढतो, ज्याच्यावर कविता करतो, ते या प्राण्याच्या आयुष्याचा अर्धा टक्का आहे. बाकीचं आयुष्य एका बेढब, गुलबट पांढऱ्या अळीचं आहे. कविता तिच्यावर व्हायला हवी होती.

एवढी सुरक्षित जागा, बाहेर शेकडो मुंग्यांचा पहारा, मग अळीला भय कसलं? आहे. ‘इक्न्यूमॉन यूमेरस’ नावाची एक गांधीलमाशीच्या नात्यातली परजीवी माशी फक्त याच अळीच्या मागावर असते. ती आधी वासावरून योग्य मुंगीचं घर ओळखते, मग आत अळी आहे याची खात्री करते. अळी नसेल तर आत पाऊल टाकत नाही. असेल तर सरळ आत घुसते. मुंग्या अंगावर धावतात तेव्हा ती रसायनांचा असा काही फवारा सोडते की मुंग्या तिला सोडून एकमेकींवर तुटून पडतात. घरात यादवी माजलेली असताना ती शांतपणे अळीअळीपाशी जाऊन प्रत्येकीत एकेक अंडं घालून निघून जाते. अळी जगते, मुंग्या तिला भरवतच राहतात, कोष होतो, आणि ठरल्या वेळी कोषातून निघते ती माशी. २००२ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं.

हिशेब पाहा. जेन्शियनच्या बियांवर फुलपाखरू, फुलपाखराला पोसायला मुंगी, आणि मुंगीने पोसलेल्या फुलपाखरावर माशी. चारही मजले अकरा बाय बाराच्या त्या खोलीत उभे. सर्वांत वरच्या मजल्यावरची माशी जगायची तर खालचे तिन्ही एकाच जागी, एकाच वेळी हजर हवेत. डोंगरी आल्कन दुर्मिळ आहे म्हणतात. मग या माशीला काय म्हणायचं? तिच्यासाठी हळहळणारं मला कोणी भेटलेलं नाही.

माशीच्या तावडीतून सुटलेल्या कोषातून एखाद्या उन्हाळी सकाळी फुलपाखरू निघतं. पंख अजून ओले, घडीच्या धोतरासारखे चुरगळलेले, उडणं अशक्य. मुंग्यांच्याच वाटेने ते पायी चालत बाहेर येतं, जवळच्या गवताच्या काडीवर चढतं, आणि पंख वाळवत बसतं. ज्या घराने त्याला दोन वर्षं पोसलं तिथे ते परत जात नाही. त्याला आता जेन्शियन शोधायचं असतं, आणि हाताशी असतात तीन-चार दिवस.

शेवटचं माप गवताच्या उंचीचं, आणि ते त्या चुलत भावंडाच्या, आरिऑनच्या कहाणीतलं आहे. हे फुलपाखरू ब्रिटनमध्ये झपाट्याने कमी होऊ लागलं तेव्हा सगळ्यांचा संशय फुलपाखरं जमवणाऱ्या हौशी लोकांवर होता. म्हणून एका जागेला कुंपण घातलं. हौशी लोक थांबले, पण चरणारी जनावरंही थांबली, गवत वाढलं आणि तिथलं फुलपाखरू नाहीसं झालं. कारण पुढे जेरेमी थॉमस यांनी शोधलं. आरिऑनची यजमान मुंगी मिर्मिका सब्युलेटी हिला उन्हाने तापलेली जमीन लागते. गवत बोटभर उंच झालं की सावलीने जमीन दोन-तीन अंशांनी गार होते, ही मुंगी हलते, दुसरी येते, आणि दुसरीच्या घरात अळी टिकत नाही. हे कळेपर्यंत उशीर झाला होता. १९७९ साली आरिऑन ब्रिटनमधून संपलं. १९८३ पासून स्वीडनहून अळ्या आणून ते पुन्हा वसवलं गेलं, आणि आज ते तिथे उडतं आहे. फुलपाखरू आणण्याआधी ज्या ज्या जागा तयार केल्या, तिथे एक महत्त्वाचं काम होतं: गुरं आणि घोडी चरायला सोडणं.